जुन्या गाडीच्या चाकाचे बेरिंग : पारख आणि बदल

पीक चांगले येणे ही अर्धी लढाई होय. उरलेली अर्धी लढाई माल बाजारात वेळेवर पोहोचविण्याची असते. उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर परिसरातील भाजीपाला व फळे उत्पादकांना हे वेगळे सांगावयास नको. पहाटे कल्याणच्या किंवा वाशीच्या बाजारात गाडी लागली तर मालाला भाव मिळतो. तीच गाडी वाटेत बंद पडून ऊन चढल्यावर पोहोचली, तर मेथी-कोथिंबीर कोमेजते, भेंडी काळवंडते आणि जांभळासारखे नाजूक फळ पाटीतच फुटू लागते. शेतात तीन महिने केलेल्या मेहनतीचे मोल अशा वेळी दोन तासांत कमी होते.

या भागात शेतमालासाठी बहुधा जुनी वाहने वापरली जातात. कोणाकडे जुनी जीप असते, कोणाकडे पिकअप, तर कोणी घरची जुनी मोटारच मागची सीट काढून वापरतो. इंजिनाकडे सर्वांचे लक्ष असते. ऑइल वेळेवर बदलले जाते, टायरची हवा पाहिली जाते. परंतु चाकाच्या पोटात असलेल्या बेरिंगकडे, ते ओरडू लागेपर्यंत कोणी पाहत नाही. बेरिंग एकाएकी जात नाही. ते आधी बरेच दिवस सूचना देत असते. या सूचना ओळखता याव्यात, कोणते काम घरी करावे व कोणते गॅरेजवर सोपवावे हे ठरविता यावे, यासाठी ही माहिती देत आहोत.

बेरिंगचे काम काय?

चाक फिरते आणि ते ज्या दांड्यावर बसते तो दांडा स्थिर असतो. या दोहोंमध्ये घर्षण कमी ठेवून गाडीचे वजन पेलण्याचे काम बेरिंग करते. एक साधा हिशेब पाहा. टायरचा व्यास ६५ सें.मी. धरला तर चाकाचा घेर सुमारे २ मीटर होतो. म्हणजे १ कि.मी. अंतरात चाक सुमारे ५०० वेळा फिरते. बदलापूर ते कल्याण या सुमारे १५ कि.मी. अंतरात ते ७,५०० वेळा फिरते. मालासह गाडीचे वजन २,००० किलो असेल, तर सरासरी ५०० किलो भार प्रत्येक चाकावर येतो. खड्ड्यात चाक आदळते त्या क्षणी हा भार कितीतरी वाढतो.

शेतकऱ्यांच्या वापरातील वाहनांत साधारणपणे तीन प्रकारची बेरिंगे आढळतात.

१) निमुळत्या रोलरचे बेरिंग : यात बाहेरची कडी म्हणजे कप, आतली कडी म्हणजे कोन, आणि दोहोंमध्ये पिंजऱ्यात बसविलेले निमुळते रोलर असतात. प्रत्येक चाकात अशी दोन बेरिंगे समोरासमोर बसविलेली असतात. आतल्या बाजूस बहुधा मोठे व बाहेरच्या बाजूस लहान बेरिंग असते. जुन्या जीपची पुढची चाके, अनेक पिकअप, ट्रॅक्टरची पुढची चाके आणि ट्रॉल्या यांत हाच प्रकार असतो. रोलर निमुळते असल्याने ते वजनही पेलतात आणि वळणावर येणारा आडवा रेटाही सहन करतात. या बेरिंगचे पेटंट १८९८ साली अमेरिकेत हेन्री टिमकेन यांनी घेतले. ते मूळचे घोडागाड्या तयार करणारे कारखानदार. वळणावर गाडीच्या चाकावर येणारा रेटा हीच त्यांच्यापुढची अडचण होती. बैलगाडी वळविताना आऱ्यावर येणारा ताण ज्याने पाहिला आहे, त्याला ही गोष्ट सहज समजेल.

२) दाबून बसविलेले गोळ्यांचे बेरिंग : मारुती ८०० सारख्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या जुन्या मोटारींत पुढच्या बाजूस हे असते. ते घट्ट बसविलेले असते व काढण्या-घालण्यासाठी प्रेस लागते.

३) सीलबंद जोड बेरिंग किंवा हबसह येणारे बेरिंग : अलीकडच्या गाड्यांत हे असते. यात ग्रीस कारखान्यातच भरलेले असते. याची दुरुस्ती होत नाही, पूर्ण संच बदलावा लागतो.

बेरिंग खराब का होते?

बेरिंगचा सर्वात मोठा शत्रू पाणी होय. उल्हास नदीच्या काठाने राहणाऱ्यांना याचा अनुभव आहे. २६ जुलै २००५ च्या महापुरात या पट्ट्यातील असंख्य वाहने पाण्यात उभी राहिली. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर-वांगणी दरम्यान पुरात अडकली, त्या वेळीही रस्ते व वस्त्या जलमय झाल्या होत्या. जुलै २०२१ मध्ये बदलापूरला पुन्हा पुराचे पाणी शिरले. पूर ओसरला की लोक इंजिन आणि सीट वाळवितात. चाकाचा हब मात्र तसाच राहतो.

पाणी हबमध्ये शिरते कसे, हे समजून घेणे उपयोगाचे आहे. गाडी चालून हब गरम झालेला असतो व आतली हवा प्रसरण पावलेली असते. असा गरम हब एकदम थंड पाण्यात बुडाला की आतली हवा आकसते आणि ऑइल सीलच्या फटीतून पाणी आत ओढले जाते. म्हणजे पाण्यात गाडी दिवसभर उभी राहिली पाहिजे असे नाही. भरल्या ओढ्यातून एकदा गाडी काढली तरी पाणी आत जाऊ शकते. आत गेलेले पाणी ग्रीसमध्ये मिसळून ग्रीस दुधाळ होते, त्याचा चिकटपणा जातो आणि रोलर ज्या ठिकाणी थांबलेले असतात तेथे गंजाच्या रेघा उमटतात. पुढे गाडी चालू लागली की याच रेघांवर पोलाद खवले सोडू लागते. म्हणूनच पुरानंतर काही आठवडे गाडी ठीक चालते आणि मग एकाएकी आवाज सुरू होतो.

याशिवाय खालील कारणांमुळेही बेरिंगचे आयुष्य घटते.

१) बांधावरून, भातखाचरातून गाडी नेल्यास चिखल व बारीक रेती सीलच्या ओठाशी साचते आणि सील झिजते.

२) गाडी धुताना जोराच्या पाण्याचा फवारा थेट हबवर मारणे.

३) क्षमतेपेक्षा जास्त माल भरणे.

४) मूळ मापापेक्षा रुंद किंवा बाहेर येणारी रिम बसविणे. त्यामुळे भार बेरिंगच्या मध्यावर न राहता बाहेर सरकतो.

५) बेरिंगचा नट फार घट्ट अथवा फार ढिला ठेवणे.

६) गाडीवर किंवा ट्रॉलीवर विजेचे वेल्डिंग करताना अर्थची तार दूर जोडणे. वीजप्रवाह बेरिंगमधून गेला तर रोलर व कडीवर बारीक खड्डे पडतात. अर्थची पकड वेल्डिंगच्या जागेला अगदी लागून लावावी.

लक्षणे कशी ओळखावी?

आवाज : खराब बेरिंगचा आवाज घुमल्यासारखा, लांबून विमान जावे तसा येतो. वेग वाढला की आवाज वाढतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर वेग तोच असताना क्षणभर गिअर न्यूट्रल करावा. आवाज तसाच राहिला तर इंजिन व गिअरबॉक्सचा संबंध नाही असे समजावे. अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर व सोडल्यावर आवाज बदलत असेल तर डिफरन्शियल तपासून घ्यावे. उतारावर न्यूट्रलची ही चाचणी करू नये.

वळणावरील फरक : गाडी उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. उजव्या वळणावर आवाज वाढत असेल तर डाव्या बाजूच्या बेरिंगचा संशय घ्यावा. डाव्या वळणावर वाढत असेल तर उजव्या बाजूचा. ही चाचणी रिकाम्या रस्त्यावर, बेताच्या वेगात करावी.

टायरच्या आवाजाशी तुलना : झिजलेला किंवा उंचसखल झालेला टायरही घुमतो. परंतु डांबरी रस्त्यावरून काँक्रीटवर गाडी गेली की टायरचा आवाज बदलतो. बेरिंगचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलत नाही. शंका असल्यास पुढचे टायर मागे व मागचे पुढे लावून पाहावे. आवाजाची जागा बदलली तर दोष टायरचा.

उष्णता : ब्रेकचा फारसा वापर न करता १० कि.मी. गाडी चालवावी व थांबल्यावर दोन्ही बाजूंच्या हबजवळ हात न्यावा. आधी हात जवळ धरून अंदाज घ्यावा, एकदम स्पर्श करू नये. एक बाजू दुसरीपेक्षा बरीच गरम असेल तर बेरिंग खराब आहे किंवा ब्रेक चिकटतो आहे.

ब्रेक : डिस्क ब्रेक असलेल्या गाडीत बेरिंग ढिले झाले तर चाक डगमगून पॅड मागे ढकलले जातात. मग ब्रेकचे पेडल पहिल्या वेळी खोल जाते व दुसऱ्या वेळी ठीक लागते. या लक्षणाकडे मुळीच दुर्लक्ष करू नये.

ग्रीस : चाकाच्या आतल्या बाजूस, ब्रेकच्या पत्र्यावर ग्रीसचे ओघळ दिसले तर ऑइल सील गेले असे समजावे. सील गेले म्हणजे बेरिंगची पाळी जवळ आली.

जॅकवरील चाचणी

घरी करता येण्यासारखी ही सर्वात खात्रीची चाचणी आहे. गाडी सपाट व टणक जमिनीवर उभी करावी. शेतातील भुसभुशीत जागा चालणार नाही. जी चाके जमिनीवर राहणार त्यांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत. मागचे चाक तपासताना हँडब्रेक सोडावा लागतो, म्हणून ठोकळे महत्त्वाचे आहेत. चाक उचलल्यावर गाडी घोडीवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात किंवा डोके घालू नये.

आता चाक वर व खाली, म्हणजे घड्याळातील १२ व ६ च्या जागी धरून जोराने आत-बाहेर हलवावे. चाक खटखट हलले तर दुसऱ्या माणसास ब्रेक दाबून धरावयास सांगावे व पुन्हा हलवावे. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर दोष बेरिंगचा. तरीही चाक हलत राहिले तर बॉल जॉइंट किंवा किंग पिन तपासावी. चाक फक्त ३ व ९ च्या जागी धरल्यावर हलत असेल तर स्टिअरिंगच्या टाय रॉडचा शेवट ढिला असण्याची शक्यता जास्त. निमुळत्या रोलरच्या बेरिंगमध्ये अगदी किंचित, बोटाला जेमतेम जाणवेल इतकी हालचाल दोष समजू नये. सीलबंद बेरिंगमध्ये मात्र हाताला जाणवणारी कोणतीही हालचाल म्हणजे दोषच.

नंतर एका हाताने चाक फिरवावे व दुसरा हात त्याच चाकाच्या स्प्रिंगवर ठेवावा. जात्यात खडा आल्यासारखी खरखर हाताला लागली तर बेरिंगवर खड्डे पडले आहेत.

घरी की गॅरेजमध्ये?

निमुळत्या रोलरचे बेरिंग, ज्याला यंत्राची जाण व हाताला सवय आहे अशा शेतकऱ्याला घरी बदलता येते. दाबून बसविलेले बेरिंग, सीलबंद संच आणि मागील अ‍ॅक्सलच्या दांड्यावरील बेरिंग यांना प्रेस व पुलर लागतो. ही कामे गॅरेजवरच द्यावीत. घणाचे घाव घालून बसविलेले नवे बेरिंग पहिल्याच दिवशी अर्धे मेलेले असते.

साहित्य

जॅक, दोन घोड्या, चाकाचा पाना, हब नटाचा योग्य मापाचा पाना, पक्कड, हातोडी, पितळी सळई, रॉकेल किंवा डिझेल, स्वच्छ सुती कापड, नवे बेरिंग कप व कोनसह, नवे ऑइल सील, नवी स्प्लिट पिन आणि चाकाच्या बेरिंगसाठीचे ग्रीस.

ग्रीसच्या बाबतीत काटकसर करू नये. पंप किंवा बैलगाडीसाठी घरात असलेले साधे कॅल्शियम ग्रीस सुमारे १०० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळून वाहू लागते. लिथियम ग्रीसचा हा बिंदू १८० अंशांच्या पुढे असतो. ब्रेकच्या उष्णतेजवळ असलेल्या हबमध्ये लिथियमवर आधारित, एनएलजीआय क्रमांक २ चे, व्हील बेरिंगसाठी म्हणून विकले जाणारे ग्रीसच वापरावे. दोन प्रकारची ग्रीसे एकत्र मिसळू नयेत.

बेरिंग बदलण्याची कृती (पुढचे चाक, निमुळते रोलर)

१) गाडी जमिनीवर असतानाच चाकाचे नट थोडे ढिले करावेत. नंतर गाडी उचलून घोडीवर टेकवावी व चाक काढावे.

२) डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपर काढून तारेने वर बांधून ठेवावा. तो ब्रेकच्या रबरी नळीला लोंबू देऊ नये. कॅलिपर काढलेला असताना ब्रेकचे पेडल दाबू नये. ड्रम असल्यास ब्रेक अ‍ॅडजस्टर ढिला करावा. आतली भुकटी तोंडाने किंवा हवेने उडवू नये, कारण जुन्या लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.

३) हबवरील टोपी काढावी, स्प्लिट पिन सरळ करून ओढावी, नट व वॉशर काढावा. हब किंचित पुढे ओढला की बाहेरचे लहान बेरिंग हातात येते. ते खाली मातीत पडू देऊ नये.

४) हब काढून उलटा करावा, ऑइल सील उचकटून काढावे व आतले मोठे बेरिंग काढावे. जुने सील पुन्हा वापरू नये.

५) सर्व भाग रॉकेल किंवा डिझेलने धुऊन पुसावेत. पेट्रोल वापरू नये व जवळ विडी-सिगारेट, चूल नसावी. बेरिंग कॉम्प्रेसरच्या हवेने गरगर फिरवून वाळवू नये. रोलर सुटून इजा होऊ शकते.

६) धुतलेले बेरिंग उजेडात नीट पाहावे. यात दोषाचे कारण लिहिलेले असते. सारख्या अंतरावर गंजाच्या रेघा असतील तर पाणी गेले आहे. निळसर किंवा तपकिरी रंग चढला असेल तर ग्रीस अपुरे होते किंवा नट फार घट्ट होता. पृष्ठभागाचे खवले निघाले असतील तर भार जास्त झाला आहे किंवा बेरिंगचे आयुष्य संपले आहे. कारण दूर न करता नवे बेरिंग घातले तर तेही त्याच वाटेने जाते.

७) कप व कोन नेहमी एकत्रच बदलावेत. जुन्या कपात नवा कोन घालू नये. कप काढण्यासाठी पितळी सळईने समोरासमोरच्या बाजूंवर आळीपाळीने हलके ठोके द्यावेत, म्हणजे कप तिरका होत नाही.

८) हबमधील कपाची जागा स्वच्छ पुसावी. नवा कप प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तासभर फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवला तर तो किंचित आकसतो व सहज बसतो. जाड बाजू आत जाईल असा कप ठेवून सळईने कडेवर, फिरत-फिरत ठोके द्यावेत. कप तळाला टेकला की ठोक्याचा आवाज भरीव होतो. रोलर ज्यावरून धावतात त्या गुळगुळीत भागाला सळई लागू देऊ नये.

९) कप हबमध्ये हाताने फिरत असेल तर हबची जागा झिजली आहे. अशा जागेवर पंचाचे ठिपके मारून कप घट्ट करण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती धोक्याची आहे. हब बदलावा.

१०) तळहातावर ग्रीसचा गोळा घ्यावा. बेरिंगची रुंद कड त्या ग्रीसवर दाबत ओढावी. रोलरमधून दुसऱ्या बाजूने ग्रीस बाहेर येईपर्यंत सर्व बाजूंनी भरावे. वरून नुसते फासलेले ग्रीस रोलरपर्यंत पोहोचत नाही. हबच्या आतल्या पोकळीत कपाच्या पातळीपर्यंत ग्रीसचा थर द्यावा, पोकळी गच्च भरू नये. जास्त ग्रीस घुसळून तापते व सील फोडून ब्रेकवर येते.

११) आतले बेरिंग ठेवून नवे सील बसवावे. सीलचा ओठ बेरिंगच्या बाजूस असावा. ओठाला थोडे ग्रीस लावावे व लाकडी ठोकळा ठेवून सील सारख्या पातळीत ठोकावे. स्टब अ‍ॅक्सलवर सील ज्या ठिकाणी घासते तेथे खाच पडली असल्यास नवे सीलही गळेल, याची नोंद घ्यावी.

१२) हब चढवावा, बाहेरचे बेरिंग, वॉशर व नट लावावा.

नट किती आवळावा?

सर्वात महत्त्वाची पायरी हीच. बाकी सर्व काम उत्तम करून येथे चुकले तर नवे बेरिंग जळते किंवा चाक डगमगते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेतील माप असल्यास तेच पाळावे. पुस्तिका नसल्यास स्प्लिट पिनच्या प्रकारासाठी पुढील रीत वापरावी. एका हाताने हब फिरवत ठेवून नट सुमारे ३ किलोग्रॅम-मीटरपर्यंत आवळावा, म्हणजे रोलर आपल्या जागी बसतात. नंतर नट पूर्ण ढिला करावा. आता तो फक्त बोटांनी, जितका जाईल तितकाच घट्ट करावा. स्प्लिट पिनचे भोक व नटाची खाच जुळत नसेल तर नट पुढे न आवळता मागे घेऊन जवळची खाच जुळवावी.

जुन्या फोर-व्हील जीपमध्ये स्प्लिट पिनऐवजी दोन नट व त्यांच्यामध्ये वाकवावयाचा वॉशर असतो. तेथे चाक जड होईपर्यंत आतला नट आवळून मग सुमारे १/६ फेरा मागे घ्यावा. वॉशर व बाहेरचा नट लावल्यावर चाक पुन्हा फिरवून पाहावे आणि वॉशरची कड दोन्ही नटांवर वाकवावी.

चाक हाताने मोकळे फिरले पाहिजे व १२ आणि ६ च्या जागी धरून हलविल्यास किंचितच हालले पाहिजे. स्प्लिट पिन नवीच घालावी. तिच्याऐवजी खिळा किंवा तारेचा तुकडा घालू नये. दोन-चार रुपयांच्या या पिनवरच नट, आणि नटावर चाक अवलंबून असते. टोपी घट्ट बसवावी. चाकाचे नट समोरासमोर या क्रमाने आवळावेत. गाडी हलविण्यापूर्वी ब्रेकचे पेडल घट्ट लागेपर्यंत चार-सहा वेळा दाबावे.

प्रथम माल न भरता ५ ते १० कि.मी. गाडी चालवून हबची उष्णता पाहावी. सुमारे ५० कि.मी. नंतर चाकाचे नट पुन्हा आवळावेत आणि ५०० कि.मी. नंतर जॅकवरील चाचणी पुन्हा करावी.

गॅरेजमध्ये काम देताना

दाबून बसविलेल्या बेरिंगचे काम आपण स्वतः करणार नसलो तरी समोर उभे राहून काही गोष्टी पाहाव्यात. बेरिंग घरात बसविताना दाब बाहेरच्या कडीवर दिला पाहिजे. हब बेरिंगमध्ये बसविताना आधार आतल्या कडीला असला पाहिजे. दाब गोळ्यांमधून गेला तर कडीवर गोळ्यांचे ठसे उमटतात व नवे बेरिंग आठवड्यात घुमू लागते. सर्किलप आपल्या खाचेत पूर्ण बसली आहे का, हे पाहावे. अ‍ॅक्सलचा नट पुस्तिकेतील मापाप्रमाणे टॉर्क पान्याने आवळून घ्यावा. तो आवळण्यापूर्वी गाडी त्या चाकावर ढकलू नये.

बेरिंग खरेदी

जुने बेरिंग सोबत न्यावे. त्याच्या कडीवर कोरलेला क्रमांक हाच खरा पत्ता असतो. नुसते 'जीपचे पुढचे' असे सांगून बेरिंग घेऊ नये, कारण एकाच नावाच्या गाडीत वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळी बेरिंगे आलेली असतात. नावाजलेल्या कंपन्यांच्या बेरिंगच्या नकला देशभर सर्वच बाजारांत फिरतात. वेष्टनावरील छपाई पुसट असणे, कडीवरील अक्षरे वेडीवाकडी असणे, क्रमांक वेष्टनाशी न जुळणे आणि किंमत इतर दुकानांपेक्षा फारच कमी असणे ही संशयाची चिन्हे होत. कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून पावती घेऊनच खरेदी करावी. वेष्टन गाडीजवळ, बसवितानाच फोडावे. दुकानात हाताळलेल्या उघड्या बेरिंगला घाम व धूळ लागून गंज धरतो.

पुरानंतर काय करावे?

हब पाण्यात बुडाले असतील तर आवाजाची वाट पाहू नये. शक्यतो त्याच आठवड्यात चारही हब तपासावेत. निमुळत्या रोलरची बेरिंगे काढून धुवावीत. गंज नसेल तर नवे ग्रीस व नवे सील घालून तीच वापरता येतात. गंजाची रेघ नखाला लागत असेल तर बेरिंग बदलावे. मागील अ‍ॅक्सलमधील तेल दुधाळ झाले असल्यास तेही बदलावे. हीच काळजी ट्रॉली, ट्रॅक्टरची पुढची चाके व टायरची बैलगाडी यांचीही घ्यावी. ही चाके हळू फिरतात, म्हणून त्यांचा आवाज येत नाही आणि दोष उशिरा कळतो.

वर्षाचे नियोजन

मे महिन्यात, मृगापूर्वी शेतीची अवजारे आपण दुरुस्त करतो, त्याच वेळी गाडीची जॅकवरील चाचणी करावी व गळणारी सीले बदलावीत. पावसाळा संपल्यावर ऑक्टोबरमध्ये निमुळत्या रोलरच्या बेरिंगांतील ग्रीस धुऊन नवे भरावे. कोणत्या चाकाचे काम कोणत्या तारखेला, किती कि.मी. वर झाले याची नोंद पिकांच्या वहीतच एका पानावर ठेवावी. खासगी गाडीला १५ वर्षे झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तिची तपासणी करून घ्यावी लागते. अशी नोंद व अशी निगा असलेली गाडी त्या वेळीही अडत नाही.

शेवटी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. इंजिन बंद पडले तर गाडी रस्त्याच्या कडेला थांबते, फार तर त्या दिवसाचा भाव जातो. बेरिंग जळून स्टब अ‍ॅक्सल तुटला तर भरल्या गाडीचे चाक निखळते, तेही अनेकदा घाटात किंवा वळणावर, कारण बेरिंगवर सर्वात जास्त रेटा तेथेच येतो. त्या गाडीत केवळ भाजीच्या पाट्या नसतात. पुढे घरचा मुलगा बसलेला असतो आणि मागे शेजारची दोन माणसे. म्हणून चाक घुमू लागले, हब तापू लागला किंवा ब्रेकचे पेडल पहिल्यांदा खोल गेले, तर 'एवढा हंगाम निघू दे, मग पाहू' असे म्हणू नये. त्याच दिवशी गाडी जॅकवर घ्यावी.